आपल्या गड्याची पोथी

नगरला आल्यावर पहिल्याच रविवारी मी बाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मागे सरले. चूल पेटली होती, तव्यावर भाकरी फुगत होती आणि चुलीपुढच्या पाटावर बसलेल्या बाईंच्या हातात एक इंग्रजी मासिक होतं. त्याच्या वरच्या पानावर एक उघडाबंब, आडदांड पुरुष उभा होता. त्याच्या तलवारीवरून रक्त निथळत होतं. पायाशी एक तरुण बाई पडली होती आणि तिच्या अंगावर जे काही होतं त्याला लुगडंही म्हणता आलं नसतं आणि चोळीही. दोघांच्या मागे खांबाएवढा जाड साप फणा काढून उभा.

"भाकरी उलट," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मला आत्ता उठता येत नाही. सापानं आपल्या गड्याला विळखा घातलाय."

मी भाकरी उलटली. बोटं भाजली तरी कळलं नाही.

या बाई म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या. पन्नाशीच्या आसपासच्या, लहानपणीच विधवा झालेल्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, जाड भिंगांचा चष्मा. पाठांतर असं की वर्गात त्यांनी पुस्तक उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझे वडील कोल्हारला भिक्षुकी करायचे. मला नगरला मास्तरणीची नोकरी मिळाली तेव्हा ते बरेच दिवस माझ्याशी बोललेच नव्हते. एकटी मुलगी, त्यातून युद्धाचे दिवस. शाळेतल्या या संस्कृतच्या बाई मला आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार आहेत असं कळलं, तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत मला बसवून देताना ते म्हणाले होते, "त्यांच्या घरी पावित्र्य आहे. त्या सांगतील ते ऐक. त्या वाचतील ते वाच."

चुलीपुढे उभं राहून मला तेच आठवत होतं. हे वडिलांना कळलं तर पुढच्या मोटारीनं मी कोल्हारला परत, आणि नोकरी, पगार, स्वतःची खोली सगळं संपलं. पण बाईंना विचारायची काय सोय? शाळेत त्यांच्यापुढे हेडमास्तरसुद्धा उभं राहून बोलायचे.

"तोंड मिट," त्या म्हणाल्या. "माशी जाईल."

मग त्यांनी एक पान उलटलं आणि समाधानानं सुस्कारा सोडला. "सुटला बरं का. वाढ आता."

त्या काळात नगरच्या कॅम्पात गोरे सोल्जर भरले होते. रणगाडे निघाले की भिंगारच्या बाजूच्या घरांतली भांडी वाजायची. बायका त्या रस्त्याला दिवसाही जायचं टाळत. बाई मात्र सुट्टीच्या दिवशी टांगा करून नेमक्या तिकडेच निघायच्या. कॅम्पाच्या तोंडाशी एका रद्दीवाल्याचं दुकान होतं. बराकींतून निघालेली वर्तमानपत्रं आणि मासिकं त्याच्याकडे येत. मुलींच्या वह्यांना कव्हरं घालायला कागद हवा, असं बाई सगळ्यांना सांगत. ते खोटंही नव्हतं. वह्यांना कव्हरं खरोखरच घातली जायची. फक्त त्यातला निवडक माल कव्हरांपर्यंत पोचत नसे.

एकदा मला बरोबर नेलं. रद्दीवाल्यानं बाईंना पाहिल्याबरोबर गठ्ठ्याखालून एक अंक ओढून काढला.

"ह्ये घ्या बाई. ह्यात बी उघडा गडी हाय. तुमाला असलंच लागतं न्हवं?"

मी रस्त्याकडे बघू लागले.

"असलंच लागतं," बाई म्हणाल्या. "पण मागच्या खेपेला तू चंद्रावर जाणाऱ्या आगगाड्यांच्या गोष्टी दिल्यास. तसल्या नकोत. तलवार पाहिजे आणि जादू पाहिजे. नुसती तलवार असली तर ती लढाई झाली, आणि नुसती जादू असली तर ती पोरांची गोष्ट. दोन्ही पाहिजे."

"मला काय वाचता येतं व्हय बाई? मी चित्रं बघून काढतो."

दुकानाबाहेर एका दगडावर एक सोल्जर बसला होता. लाल केसांचा, कोवळा, नुकती मिसरूड फुटलेला. त्याच्या हातात तसलंच मासिक होतं. बाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि व्याकरणशुद्ध इंग्रजीत त्यांनी विचारलं, तुमचं वाचून झालं आहे का? तो ताडकन उठला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं काखेत धरली आणि मासिक पुढे केलं. मग तो काहीतरी उत्साहानं सांगायला लागला, तशी बाईंनी हात वर केला.

"शेवट सांगू नका," त्या त्याला म्हणाल्या, आणि टांग्यात येऊन बसल्या. टांगेवाला, रद्दीवाला, मी आणि तो सोल्जर, चौघंही त्यांच्याकडे पाहत राहिलो होतो.

पुढे गोरे गेले, तेव्हा सगळं नगर रस्त्यावर आलं होतं. बाईही प्रभातफेरीत पहिल्या रांगेत होत्या, घसा बसेपर्यंत ओरडल्या. घरी येऊन गरम पाण्याच्या गुळण्या करताना म्हणाल्या, "सगळं चांगलं झालं. एवढंच की आता रद्दी थांबणार."

पण ते बरंच नंतरचं. युद्धाच्याच दिवसांत मला त्यांनी कसं वाचायला लावलं, ते सांगते. मी इंग्रजी जेमतेम शिकलेली. शिवाय त्या चित्रांमुळे मासिकाला हात लावायचीही लाज वाटे. बाईंनी वरची पानं फाडून चुलीत घातली आणि अंक माझ्यापुढे टाकला. "आता लाजायला काही उरलं नाही. वाच."

"कुठली वाचू?"

"सगळ्यात लहान. या गोष्टींची सुरुवात मोठीपासून करायची नसते. मोठीत राजवंश असतात, नकाशे असतात, नावं पाठ करण्यात जीव जातो. लहान घे. एक माणूस, एक तलवार, एक बंद दार. बाकी काही नको."

"आणि शब्द अडला तर?"

"अडू दे. मारामारीत कुणी कोश उघडून बसतं का?"

त्यांची मतं ठाम होती. राजपुत्राची गोष्ट असली तर त्या पहिल्या पानावरच सोडून देत. "त्याला राज्य परत मिळणार हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. मग वाचायचं कशाला?" जगाचं कल्याण करायला निघालेला नायकही त्यांना चालत नसे. पोटासाठी निघालेला पाहिजे. भुकेला, कर्जबाजारी, कुणाचा कुणी नसलेला. वाटेत हातून काही भलं झालं तर ते चुकून व्हावं. अशा माणसाला त्या 'आपला गडी' म्हणायच्या. गोष्टी वेगवेगळ्या, लिहिणारे वेगवेगळे, पण बाईंच्या लेखी सगळीकडे तो एकच होता.

लेखनाचे दोषही त्या सोडत नसत. "विशेषणं फार," त्या नाक मुरडून म्हणत. "एका दाराला चार विशेषणं. पण तलवार चालायला लागली की बघ, वाक्यं कशी तुटक होतात. क्रियापदं जागच्या जागी. लिहिणाऱ्याला धाप लागलेली असते."

मी मागच्या पायरीवर बसून पहिली गोष्ट वाचायला घेतली. निम्मे शब्द कळले नाहीत. पण एक माणूस एका विहिरीत दोराला धरून उतरत होता आणि खालून कुणीतरी त्याच दोराला धरून वर चढत होतं, एवढं कळलं. मग मला शेगडीवरच्या दुधाचा विसर पडला. दूध उतू जाऊन विस्तव विझला, तेव्हा बाई आतून म्हणाल्या, "लागली गोडी."

मला ती गोडी लागली हे खरं, पण मन बिचकत होतं. या गोष्टींतले मांत्रिक मला फार भिववायचे. कवट्यांच्या माळा, लांब नखं, हिरवे डोळे. एका दुपारी आम्ही गहू निवडत बसलो होतो, तेव्हा मी तसं बोलून गेले.

बाई हसल्या. "हे लिहिणाऱ्यांनी मांत्रिक पाहिलेले नाहीत. मी पाहिलेत. चांगले स्वच्छ असतात. आंघोळ करून, कद नेसून, गंध लावून बसलेले."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

"अकरा वर्षांची होते," त्या गहू निवडत निवडत म्हणाल्या. "नवऱ्याला मी धड पाहिलंही नव्हतं. तो गेल्याची चिठ्ठी आली आणि मग काही दिवसांनी न्हावी आला. पडवीत चौघं बसले होते, मंत्र म्हणत. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्यात होते. त्यांचाच आवाज सगळ्यात खणखणीत. त्यांना तोवर मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मलाच सगळं शिकवलेलं. माझा भाऊ त्यानंतरचा. तेव्हा ते काय म्हणताहेत त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता. म्हणून मी हलले नाही. केस पडत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते. एके ठिकाणी पंडितांपैकी एक चुकला, तेसुद्धा मला कळलं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"आपल्या गड्याचं बघ," बाई म्हणाल्या. "मांत्रिक घसा फोडून मंत्र म्हणतो आणि हा सरळ चालत येतो. का? याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कळत नाही म्हणून ते याला लागत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते." त्यांनी एक खडा उचलून बाहेर फेकला. "सूप हलव. काय बघतेस?"

पुढे त्यांच्या मामानं त्यांना पुण्याला विधवांच्या शाळेत नेऊन घातलं, त्यांनी केस वाढवले, शिकल्या, आणि वडिलांनी त्यांचं नाव टाकलं. हे मला शाळेतून तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाईंनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

म्हणूनच एक दिवस दारात टांगा थांबला आणि त्यातून एका आंधळ्या म्हाताऱ्याला उचलून घेऊन एक मध्यमवयाचे गृहस्थ उतरले, तेव्हा ते कोण हे कळायला मला वेळ लागला. ते बाईंचे धाकटे भाऊ होते आणि म्हातारे म्हणजे आप्पा. नेवाशाहून आले होते. आप्पांना मधुमेह होता, पाय चिघळला होता, दृष्टी गेली होती. नगरच्या दवाखान्यात रोज पाय धुऊन पट्टी बांधून घ्यायला हवी होती.

"अक्का," भाऊ खाली मान घालून म्हणाले, "नगरात आपलं दुसरं कोणी नाही गं."

बाई दारात उभ्या होत्या. एका हातात अंक, त्यात पानाची खूण म्हणून घातलेलं बोट. त्या बाजूला झाल्या. "बाहेरच्या खोलीत उजेड चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याचा आता काय उपयोग. वारा येतो, तो तरी."

भाऊ गावाकडची यजमानांची कामं सांभाळायला परत गेले. आप्पांनी पहिल्याच दिवशी अट घातली. ज्या विधवेनं केस राखलेत तिच्या हातचं अन्न आणि पाणी त्यांना चालणार नव्हतं. हे त्यांनी तिच्याच घरात, तिच्याच खाटेवर पडून, मला सांगितलं. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"तू कुणाची?" त्यांनी मला विचारलं. मी वडिलांचं नाव, गाव, गोत्र सांगितलं.

"मग तू कर."

मला इतका संताप आला की मी बाईंकडे वळून पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी कोमट दे. त्यांना गार सोसत नाही."

माझे वर्ग सकाळचे, दुपारी मी घरी. तेव्हापासून मी स्वयंपाक करत होते, मी भरवत होते, मी पाणी पाजत होते. जखम मात्र बाई धुवायच्या, दवाखान्यातून शिकून घेऊन. पू, रक्त, घाण. त्याला आप्पांची हरकत नव्हती.

आठवडा झाला असेल. आप्पांना पडून पडून कंटाळा आला आणि ते मला म्हणाले, पोथी वाच. मी वाचू लागले, पण माझे उच्चार त्यांना पटेनात. दर ओळीला ते कण्हत, पायाच्या दुखण्यानं कण्हत नसतील इतके. शेवटी म्हणाले, "तिला वाचायला सांग."

"त्यांचं चालेल तुम्हाला?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

"आवाजाला विटाळ नाही," आप्पा म्हणाले.

बाई शाळेतून आल्या, हातपाय धुतले, आत गेल्या आणि पाटावर येऊन बसल्या. त्यांच्या हातात पोथी नव्हती. कॅम्पातून आलेला अंक होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

त्यांनी सुरुवात केली. पोथीची चाल, पोथीचे हेल, आणि समोरच्या इंग्रजीचं जागच्या जागी केलेलं मराठीही जुन्या वळणाचं. कोण्या एके देशी मिठाच्या विहिरींचं एक नगर होतं. त्या नगरीत काळ्या पाषाणाच्या मनोऱ्यात एक मांत्रिक राहत असे. त्याच्यापाशी एक दीप होता, आणि तो दीप तेलावर जळत नसे. तो कुमारिकांच्या सावल्यांवर जळत असे.

माझ्या अंगावर काटा आला, गोष्टीमुळे नव्हे. एका मरणाच्या दारातल्या विद्वान ब्राह्मणाला पोथी म्हणून हे वाचून दाखवायचं? हे पाप कुणाच्या माथी? मी देवापुढे जाऊन मनातल्या मनात क्षमा मागितली आणि पुन्हा दाराशी येऊन बसले, कारण पुढे काय होतं ते मलाही ऐकायचं होतं.

आप्पा मान किंचित तिरकी करून ऐकत होते. बाई थांबल्या तेव्हा म्हणाले, "हे कुठल्या पुराणात?"

"उपपुराणांत आहे."

"माझ्या वाचनात आलं नाही."

"दुर्मिळ आहे," बाई म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी बाईंची शाळा सुटल्यावर ते वाचन सुरू झालं. पाणी भरणारी ठकूबाई घागर उतरवून दाराशी टेकू लागली. शेजारच्या दोघी वाती वळायला घेऊन येऊ लागल्या. एक जण तर पोथीला वाहायला फुलं घेऊन आली. बाईंनी ती शांतपणे घेतली आणि अंकावर ठेवली. मी आत पळाले.

"मंग त्या गड्याला कुनी सांगितलं हुतं का, त्यो दिवा आनायला?" ठकूबाई विचारायची.

"एका व्यापाऱ्यानं. जेवण देतो म्हणाला."

"निस्त्या जेवनासाठी? लई भुकेला आसंल बिचारा."

एक दिवस वाचनात असं आलं की, जिची सावली मांत्रिकानं नेली ती मुलगी मरत नसे. ती घरातच राही. मोठी होत नसे, हसत नसे. सकाळी ती रस्त्यात आडवी आली तर लोक तोंड फिरवून परत घरी जात.

वाती वळणाऱ्या बायकांचे हात थांबले. आप्पांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी विचारलं, "असं लिहिलंय त्यात?"

"जे लिहिलंय तेच वाचते मी."

मला ते खरं वाटलं नाही. बाई दवाखान्यात गेल्या असताना मी तो अंक काढला आणि ते पान शोधलं. अडखळत, एकेक शब्द लावत वाचलं. ते वाक्य तिथे छापलेलं होतं. जसंच्या तसं. सातासमुद्रापलीकडे बसून कुठल्या तरी माणसानं पोट भरायला लिहिलेल्या त्या गोष्टीत हे कुठून आलं असेल, या विचारानं मी किती तरी वेळ त्या पानाकडे बघत राहिले. बाईंनी एक शब्द पदरचा घातला नव्हता. त्यांना तसं चाललंच नसतं. परीक्षेत मुलींनी भाषांतरात 'च' जास्त घातला तरी त्या गुण कापायच्या.

आप्पा खचत चालले होते. जखम वर चढत होती. डॉक्टरांनी भावाला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. त्याच सुमारास एकदा, बायका उठून गेल्यावर, आप्पा हळूच म्हणाले, "या पोथीत मद्यगृहं फार आहेत."

माझ्या हातातला पंखा थांबला. बाई चष्मा पुसत होत्या.

"त्या काळी होती," त्या म्हणाल्या.

"असतील." मग ते म्हणाले, "उद्या लवकर ये. माझं काही सांगता येत नाही. आणि मला ती पुरती ऐकायची आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. केव्हापासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई अर्धी रजा घेऊन दुपारीच आल्या. भाऊ यायचे होते. ठकूबाईही अजून आलेली नव्हती. घरात आम्ही तिघंच. मी आप्पांच्या उशाशी वारा घालत होते, तिथून बाईंच्या हातातली पानं मला दिसत. आपला गडी मनोरा चढून वर पोचला होता. आत शिळेवर एक मुलगी आडवी पडलेली, तिच्या पायाशी सावली अजून शाबूत. मांत्रिक दिव्यासमोर बसून मंत्र म्हणत होता. गड्यानं दार लाथेनं उघडलं. बाईंनी पान उलटलं.

पुढे पानं नव्हती. टाचणीपाशी फाटलेल्या कागदाची दातरी कड होती आणि त्यानंतर एकदम शेवटचं कव्हर. त्यावर दात घासायच्या पावडरीची जाहिरात. एक गोरी बाई सगळे दात दाखवून हसत होती.

 बाईंचा आवाज मात्र जराही अडला नाही. त्यांची नजर त्या जाहिरातीवरून ओळीमागून ओळ फिरावी तशी फिरत होती, आणि त्या वाचत होत्या.

"तंव तो पुरुष खड्ग उगारोनि मांत्रिकासन्मुख ठाकला. मांत्रिकानं मंत्र म्हटला, तो लागला नाही. दुसरा म्हटला, तोही लागला नाही. मग त्याचा आवाज बसला. तो म्हातारा झाला होता. वर्षानुवर्षं त्या दिव्याकडे बघून त्याची दृष्टी गेलेली होती. समोर कोण आहे हेही त्याला दिसत नव्हतं. त्या पुरुषानं एका घावात दिवा फोडला. सगळ्या सावल्या सुटल्या आणि जिच्या तिच्या घरी गेल्या. शिळेवरची मुलगी उठली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. मांत्रिक मंत्र विसरला. तो साध्या भाषेत तिला हाका मारू लागला. तेव्हा त्या पुरुषानं खड्ग म्यान केलं. म्हणाला, आंधळ्या म्हाताऱ्याला मारून काय मिळायचं. आणि तोही उतरून गेला."

बाईंनी अंक मिटला.

बाहेर रस्त्यावरून लष्करी मोटारी चालल्या होत्या. 

"संपली?" आप्पांनी विचारलं.

"संपली."

"मारायला हवा होता त्याला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अंक त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला होता.

"पोथीत तसं नाही, आप्पा," त्या म्हणाल्या.

"ती मुलगी. तिनं मागे वळून पाहिलं का?"

"नाही."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. बाई उठल्या, तशी त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून ते म्हणाले, "ती कोल्हारची मुलगी कुठे आहे?"

मी पाणी पाजलं. माझे डोळे वाहत होते आणि ते रागानं की आणखी कशानं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

दोन-तीन दिवसांनी आप्पा गेले. शेवटपर्यंत पाणी माझ्याच हातचं प्यायले. भाऊ त्यांना नेवाशाला घेऊन गेले. बाईंना चल म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण गावात काय म्हणतील म्हणून ते तसेच टांग्याशी घोटाळत राहिले. बाईंनीच त्यांची सुटका केली. "माझ्या वर्गाची परीक्षा आहे शाळेत," त्या म्हणाल्या. "तू नीट जा."

त्यांनी आंघोळ केली, ओलं लुगडं वाळत घातलं आणि त्या खरंच शाळेत गेल्या. मुलींना त्या दिवशी त्यांनी रूपं चालवायला दिली आणि एकीच्याही चुकीला माफ केलं नाही. मी माझ्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले होते, मुलींना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

बरेच दिवस मला विचारायचा धीर झाला नाही. पुढे एका रविवारी आम्ही मागच्या पायरीवर बसून नवे आलेले अंक चाळत होतो. बाई लहान गोष्टी कुठल्या आणि मोठ्या कुठल्या ते पाहून त्यांचे दोन ढीग करत होत्या.

"बाई," मी म्हणाले, "त्या गोष्टीची शेवटची पानं नव्हती. मी पाहिलं."

"मला वाटलंच, तू पाहिलं असशील."

"मग खरा शेवट काय असेल?"

बाईंनी हातातला अंक लहान गोष्टींच्या ढिगावर ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, वर्गात सोपं उत्तर चुकलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"मारलाच असणार," त्या म्हणाल्या. "असल्या गोष्टींत मांत्रिकाला कुणी सोडत नाही. इतकं वाचून तुला एवढं कळायला हवं होतं."